ओठांवरचे ठिपके

मंगळवार, १२ मार्च

प्रिय ताई,

साष्टांग नमस्कार घालायला टाके अजून परवानगी देत नाहीत, तेव्हा हा बसल्या बसल्या केलेला नमस्कार गोड मानून घे. भावजींनाही सांग. चिंगीचा माझ्या वाटणीचा एक पापा घे.

फोन केला असता तर तू 'वर्गावर आहे' म्हणून ठेवला असतास. शाळेला सुट्टी असती तरी. पत्र मध्येच तोडता येत नाही. फाडता येतं म्हणा, पण तू पाठकोऱ्या कागदांवर गणितं सोडवणारी बाई, एवढे कागद काही वाया घालवायची नाहीस. तुझा दम लागणं कमी झालं का? भावजी म्हणत होते, जिना चढताना अजून मध्ये टेकतेस.

आता टाके कसले ते सांगते. गेल्या महिन्यात दुपारच्या प्रयोगाआधी रंगपटात मी आमच्या नाटकातल्या राजाला दाढी चिकटवत होते. अर्धी चिकटली आणि माझ्या पोटात कळ आली. ती कुठली ते तुला माहीत आहे. नेहमी ती येते, मला गुडघे पोटाशी घेऊन लोळवते आणि दवाखान्याची पायरी चढेपर्यंत गायब होते. मग डॉक्टर पोट दाबतात, फोटो काढतात आणि म्हणतात, काही नाही हो, गॅस आहे. या वेळी मात्र राजाने अर्ध्या दाढीनिशी मला उचललं आणि रस्त्यापलीकडच्या हॉस्पिटलात नेलं. मुकुट डोक्यावर तसाच. दारावरचा वॉचमन म्हणे उठून उभा राहिला.

त्यामुळे आयुष्यात पहिल्यांदा कळ चालू असताना स्कॅन झाला. ताई, माझ्या आतड्याचा एक भाग पुढच्या भागात शिरून बसला होता. घाईत सदरा काढताना बाही आतल्या आत गोळा होते ना, तसा. डॉक्टर म्हणाले, आजवर दर वेळी तो आपोआप शिरत असणार आणि आपोआप सुटत असणार. म्हणजे मी पोचायच्या आत चोर पसार व्हायचा आणि खोटी मी ठरायचे. हे ऐकून, खरं सांगते, दुखत असूनही मला बरं वाटलं.

पण खरी गंमत पुढे आहे. भूल देण्याआधी ओठांचा आणि नखांचा रंग पुसतात. ओठ निळे पडले तर कळायला हवं म्हणून. मी सतराव्या वर्षापासून ओठ रंगवल्याशिवाय उंबरठा ओलांडलेला नाही, तुला ठाऊक आहे. नर्सने कापसाने खसाखसा पुसलं आणि पोटाच्या डॉक्टरीणबाई माझं पोट सोडून तोंडाकडे बघत बसल्या. बुटक्याशा आहेत, चष्मा कायम कपाळावर.

"हे डाग कधीपासून?"

"लहानपणापासून. मी शिसपेन्सिल चावते म्हणून आई रागवायची."

"आ करा."

"अहो, दुखतंय पोट."

"ते कळलं. आ करा."

त्यांनी गालाच्या आत टॉर्च मारला, बोटांची टोकं उलटसुलट करून बघितली आणि त्यांचा चेहरा असा उजळला की काय सांगू. माझं तोंड बघून एवढा आनंद आजवर कुणाला झाला नव्हता.

तर हा एक आजार आहे. फार थोड्या लोकांना होणारा. नाव लांबलचक, दोन परदेशी डॉक्टरांची आडनावं जोडून केलेलं. ओठांवर आणि गालाच्या आत काळपट ठिपके येतात, आणि आतड्यात देठ असलेल्या गाठी. त्या गाठीला धरून आतडं पुढे ओढलं जातं आणि स्वतःच्याच आत शिरतं. पोटातलं ओठावर येणं म्हणतात ते माझ्या बाबतीत अक्षरशः आलेलं होतं, आणि मी रोज सकाळी त्यावर ब्रश फिरवत होते. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, आधीच्या एकाही डॉक्टरने ओठ बघितले नाहीत? म्हटलं, बघितले असतील, पण माझं काम चांगलं आहे.

ऑपरेशन झालं. आतड्याचा वीतभर तुकडा गेला. आणखी गाठी किती ते बघायला नंतर मी एक कॅमेरा गिळला. थट्टा नाही. टपोऱ्या गोळीएवढा असतो, पुढे दिवा लुकलुकतो. कमरेला पट्टा बांधतात आणि तो आतून फोटो पाठवत राहतो. मी दिवसभर हॉस्पिटलच्या बागेत फेऱ्या मारत होते आणि विचार करत होते की आता तो कुठल्या वळणावर असेल. संध्याकाळी डॉक्टरीणबाईंनी पडद्यावर दाखवलं. ताई, आत किती सुंदर आहे. गुलाबी, मखमलीसारखं, बारीक बारीक केसाळ. वीस वर्षं दुसऱ्यांचे चेहरे रंगवले, पण हा रंग माझ्या पेटीत नाही. मध्येच दोन गाठी दिसल्या, लहान. त्या पुढच्या महिन्यात दुर्बिणीतून काढणार आहेत, पोट न फाडता. कॅमेऱ्याचं पुढे काय होतं असं विचारू नकोस. तो परत मागत नाहीत एवढंच सांगते.

आता तू म्हणत असशील, मुद्द्यावर ये. येते. पाणी पिऊन येते.

डॉक्टरीणबाईंनी विचारलं, घरात अजून कुणाला? म्हटलं, वडील आतड्याला पीळ पडून गेले, चाळिशीच्या आत. त्यांच्या ओठांवर ठिपके होते का? आता मी काय सांगणार? बाबांच्या मिशा तुला आठवतात ना? घास शोधत शोधत तोंडात जायचा. खालचा ओठसुद्धा धड दिसायचा नाही. मग आत्याला फोन केला. आत्या हसायलाच लागली. म्हणाली, अगं, शाळेत त्याला सगळे 'शाईतोंड्या' म्हणायचे. दौत प्यायल्यासारखे डाग होते ओठांवर, मोठा झाला तसे गेले आपोआप.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, बरोबर. ओठांवरचे पुष्कळांचे वयाबरोबर पुसट होतात. गालाच्या आतले सहसा राहतात.

हा आजार आईबापांकडून येतो. ज्याला आहे त्याच्या प्रत्येक मुलाला तो येण्याची शक्यता निम्मी. नाणं उडवल्यासारखं. दर मुलाला नवं नाणं.

ताई, भावजी मला अधूनमधून चिंगीचे फोटो पाठवतात. रागावू नकोस त्यांच्यावर, मीच मागते. मागच्या आठवड्यात आलेल्या फोटोत ती बर्फाची कांडी चोखतेय, दोन दात पडलेले, तोंड सगळं नारिंगी. आणि खालच्या ओठावर ठिपके. मी म्हटलं, शाई असेल, माती असेल. पण मी रंगवणारी बाई आहे. वरून लागलेलं काय आणि कातडीतलं काय, हे ओळखण्यावर माझं पोट चालतं. फोटोखाली भावजींनी लिहिलं होतं, 'सकाळी शाळेच्या वेळेला पोट दुखतं, संध्याकाळी खेळायला ठणठणीत. मावशीवर गेलीय.'

मी तो फोटो डॉक्टरीणबाईंना दाखवला. म्हटलं, बघा, भाची माझ्यावर गेलीय. त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, "मावशीवर जात नाही हे."

मावशीवरून भाचीवर थेट उडी नसते, ताई. वाटेत आई लागते.

हे वाक्य लिहायला मला चार दिवस लागले. टाके, राजा, कॅमेरा, सगळं त्याच्या आधी लिहून झालं होतं. तू माझ्याहून आठ वर्षांनी मोठी. मला कळायला लागलं तेव्हा तू मोठी झालेली होतीस, तुझे लहानपणीचे ओठ मी बघितलेलेच नाहीत. पण तुला रक्त कमी आहे. लोखंडाच्या गोळ्या किती वर्षं खातेयस? भरलेलं पाणी कुठून गळतंय हे कुणी बघितलंय का?

तुझ्या नव्या घराच्या पहिल्या जेवणाला मी न्हाणीघराच्या फरशीवर पडले होते आणि बाहेर तू पाहुण्यांना सांगत होतीस, 'हिची नाटकं सुरू झाली.' त्याचा मला राग आला होता आणि अजून आहे. तो राहू दे आपला एका बाजूला. तू पण माझ्यावर हवं तेवढं रागाव. पण चिंगीच्या गालाच्या आत टॉर्च मार, आणि मग आरशासमोर स्वतःच्या. डॉक्टरीणबाईंनी तुमच्या गावातल्या एका डॉक्टरांचं नाव दिलंय, ती चिठ्ठी सोबत आहे. घाबरवायला लिहीत नाही. लहान असताना सापडल्या तर या गाठी काढता येतात, ठरावीक वर्षांनी तपासत राहायचं आणि जगायचं. बाबांना हे सांगायला कुणी नव्हतं.

उत्तराची वाट बघणारी, आणि बघत नाही असं दाखवणारी,

तुझी धाकटी

*

शनिवार, २० एप्रिल

धाकटे,

आशीर्वाद. बसून केलेला नमस्कार पोचला, टाके भरले असतील तर आता साष्टांग घालून दाखव.

पत्र वाचलं आणि इतकी संतापले की उत्तरपत्रिका तपासायला बसले आणि निम्मा वर्ग नापास करून ठेवला. दुसऱ्या दिवशी सगळ्या परत तपासल्या. मला वाटलं, हिला स्वतःचं पोट पुरेना, आता माझ्या पोरीचं हवंय. यांनी विचारलं काय झालं, तर यांच्यावरही डाफरले. फोटो पाठवल्याबद्दल वेगळं डाफरले.

टॉर्च मी आठवडाभर मारला नाही. मग एका संध्याकाळी चिंगी शाळेतून आली ती दप्तरासकट जमिनीवर वाकडी झाली. ओठ पांढरे. असं नाटक करता येत नाही. मला ते कळलं, कारण मला ते माहीत आहे. पुढे सांगते.

थोड्या वेळाने ती उठून बसली, पाणी प्यायली. मी म्हटलं, आ कर. तिला वाटलं खेळ आहे. डाव्या गालाच्या आत होते, उजव्याही. मी टॉर्च बंद केला तर म्हणाली, आता तुझी पाळी. मी आ केला. पोरगी टाचा उंचावून कितीतरी वेळ आत बघत राहिली आणि म्हणाली, "आई, तू शाई खाल्लीस?"

तुझ्या डॉक्टरीणबाईंनी इथल्या ज्यांचं नाव दिलं होतं त्यांच्याकडे गेलो. रक्त तपासलं, दोघींचं. तुझं गणित बरोबर आलं. शाळेत कधी आलं नाही ते आत्ताच यायचं होतं. चिंगीनेही कॅमेरा गिळला. आधी घरी मटाराच्या अख्ख्या दाण्यांवर सराव केला, आणि मग कॅमेऱ्याला आत मटार दिसले का म्हणून डॉक्टरांचा जीव खाल्ला. द्राक्षाएवढी एक गाठ होती, दुर्बिणीतून काढली. मंगळवारपासून शाळेत जातेय. वर्गात सगळ्यांना सांगून आलीय की माझ्या पोटातला सिनेमा निघालाय.

माझी गाठ मोठी आहे. रक्त तिथूनच जात होतं, कित्येक वर्षं. दुर्बिणीने निघणार नाही, पोट उघडावं लागेल. येत्या गुरुवारी. डॉक्टर म्हणतात काळजीचं कारण नाही. मला काळजी वाटते. बाबा असेच ऑपरेशनला गेले होते, जाताना मला म्हणाले होते धाकटीकडे बघ, आणि परत आले नाहीत.

आता राहिलेलं. मलाही दुखायचं. कॉलेजात होते तेव्हापासून. बाबा नुकते गेले होते, तू लहान, तुझं दुखलं की तू घर डोक्यावर घ्यायचीस आणि आई भिंतीला टेकून रडत बसायची. मी ठरवलं, या घरात पोट दुखणारी एक पुरे. मग सवय झाली. टॉवेलचं टोक दातांत धरलं की आवाज येत नाही. यांनाही माहीत नाही. इतक्या वर्षांत एकदाही कळू दिलं नाही.

त्या जेवणाच्या दिवशी तू न्हाणीघरात होतीस तेव्हा मी ओट्याला धरून उभी होते. सकाळपासून कळा येत होत्या. पाहुण्यांना वाढायचं होतं. तू खोटं बोलतेस असं मला कधीच वाटलं नाही, धाकटे. तुला आडवं पडता येतं आणि मला येत नाही, याचा राग आला होता.

गुरुवारी ये. बुधवारीच ये. इतकी वर्षं दुखतंय हे यांना मी अजून सांगितलेलं नाही, तू आलीस की सांगेन.

आत्ता, हे लिहिताना, दुखतंय.

तुझी,
ताई