पाचोळ्यातली अंडी

मुंबई, ता. १९ ऑगस्ट १९३१

तीर्थरूप आईच्या पायांवर डोकं ठेवून धाकट्या सदूचा नमस्कार.

पावसाळ्यात रत्नागिरीची आगबोट बंद, म्हणून आबांच्या तेराव्यालाही येता आलं नाही. मी वेळेवर जेवतो. तू जेवतेस ना?

आबा गेल्याची तार आली, त्याच्या दुसऱ्या दिवशी त्यांनी पाठवलेला डबा पोचला. बेडकाची अंडी वाटेतच फुटली होती. ओल्या पाचोळ्यात तांदळाएवढी पिल्लं, शेपूट एकालाही नव्हतं. 'ही जात पाण्यात वाढतच नाही,' हे आबांचं म्हणणं खरं ठरलं. आमचे म्युझियमचे साहेब थक्क झाले.

तू विचारतेस, फुरसं चावेल हे ठाऊक असून आबांनी पाचोळ्यात हात का घातला. आई, अंडी मी मागितली होती. डब्यात त्यांची चिठ्ठी आहे: 'थोडीच मिळाली. उद्या आणखी बघतो.'

एवढी पुरे होती गं.

तुझा सदू