कागदावर बाराशे

३ तारीख, सोमवार
लागली एकदाची नोकरी. वहिनी याच ऑफिसात नकाशांचं रेकॉर्ड सांभाळते, तिनेच माझं नाव पुढे केलं. सातवा महिना चालू आहे तिला, तरी मला घ्यायला दारापर्यंत आली आणि दिसेल त्याला सांगत सुटली की ही माझी नणंद, हिच्या नाकावर राग असतो पण हाताला चूक माहीत नाही. मी म्हटलं, हाताचं सांग, नाकाची जाहिरात कशाला. माझी खोली लहान पण उजेडाची. मोठा स्क्रीन, फिरती खुर्ची, पाठीला उशीसुद्धा. काम म्हणजे जुन्या प्रोग्राममधले नकाशे नव्या प्रोग्राममध्ये आणायचे, रेष न् रेष तपासून. मला असली किचकट कामं आवडतात. घरचे म्हणतात, तेवढा वेळ तरी हिचं तोंड बंद राहतं.

४ तारीख, मंगळवार
पहिलाच नकाशा आमच्या ऑफिसचा निघाला. फर्निचर बदलायचंय. फर्निचरवाल्याचा प्रोग्राम तिसराच, त्यामुळे नकाशा त्याच्याकडे जाणार, परत येणार, पुन्हा जाणार, आणि दर वेळी मी तो बदलून देणार. मजल्याच्या टोकाला साहेबांची केबिन, तिला लागून पॅसेज, पॅसेजपलीकडे वहिनीची रेकॉर्ड रूम. तिचं दार पॅसेजच्या पार शेवटी. पॅसेज बाराशे मिलिमीटर रुंद. नव्या प्रोग्राममध्ये उघडला तर एक हजार ऐंशी.

कारण कळायला वीस मिनिटं लागली. एरवी प्रोग्राम रेष मोजून आकडा स्वतःच टाकतो. इथे कुणीतरी त्यावर हाताने १२०० टाइप करून ठेवलं होतं. रेष तशीच, आकडा खोटा. नव्या प्रोग्रामने तो पुसून खरं माप दाखवलं. साहेबांकडे गेले तर म्हणाले, पुन्हा बाराशे टाइप करा, कागद बरोबर दिसला पाहिजे. डोकं फिरलं, पण नोकरीचा दुसराच दिवस. केलं टाइप.

६ तारीख, गुरुवार
नकाशा एक फेरी मारून आला. पॅसेज नऊशे दहा. जेवढा पॅसेज आक्रसला तेवढी केबिन वाढलेली. प्रोग्राम बदलताना रेषा जरा इकडेतिकडे होतात, पण केसभर. हे वीतभर होतं. टेप घेऊन पॅसेजमध्येच गेले. नऊशे दहा. भिंतीला तडा नाही, रंगाचा पोपडा नाही. फक्त वहिनीची फायलींची ढकलगाडी मध्येच अडकून पडली होती, जी काल आरामात जात होती.

टेप बिघडली असेल म्हणून दुसरी आणली. तेच माप. वर १२०० टाइप करून नकाशा पाठवला. हातात दुसरं काय होतं?

१० तारीख, सोमवार
आणखी दोन फेऱ्या. सहाशे चाळीस. समोरासमोर आले की लोक अंग आडवं करतात, भिंतीला पाठ घासत जातात, आधी तुम्ही, आधी तुम्ही करतात. विचारलं तर तोंड वर करून सांगतात, पॅसेज बाराशेचा आहे. साहेबांच्या केबिनमध्ये आज सोफा आला. आधी तिथे आणखी एका खुर्चीलाही जागा नव्हती.

टेप त्यांच्या टेबलावर आपटली आणि सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे प्रिंट उघडली. "बाई, कागदावर बाराशे आहे. पुढच्या वेळी कागद मोजा." बाकीचे हसले. तळपायाची आग मस्तकात गेली. त्यांचा राग आलाच, पण त्याहून माझा आला. ते बाराशे चार वेळा माझ्याच बोटांनी टाइप केलंय.

१२ तारीख, बुधवार
पाचशे वीस. आम्ही अंग आडवं करून जातो. वहिनीला ते जमत नाही, पोट मध्ये येतं. ती सरळ जाते, खांदे आखडून, कोपरं आवळून. मी म्हटलं, उद्यापासून रजा टाक. ती म्हणाली, "अगं, नकाशा तूच केलायस ना? तू बाराशे लिहिलंस म्हणजे असणारच." थोबाडीत बसल्यासारखं झालं. हा नकाशा आता मी कुणाला पाठवणार नाही. नोकरी गेली खड्ड्यात.

१३ तारीख, गुरुवार. साडेदहा
तोंडावर नाही म्हणून सांगितलं. साहेबांनी स्वतः बदलून पाठवला. स्वतः. तीनशे ऐंशी. वहिनी रेकॉर्ड रूममध्ये होती.

अकरा
ती त्या टोकाला, मी या टोकाला. सरळ आली तर खांदे अडतात, अंग आडवं केलं तर पोट. अजून हसतेय. जेवायच्या सुट्टीपर्यंत होईल काहीतरी, म्हणते. काय होईल? कोण करेल? बाकीच्यांनी प्रिंट बघितली आणि जागेवर जाऊन बसले. माणसं आहेत की —

साडेअकरा
आकडा सोडला, रेषच धरली. पॅसेज ओढून खरोखरचा बाराशे केला. भिंत सरकली, डोळ्यांदेखत. पण केबिनची नाही. केबिनच्या रेषेवर कुलूप आहे, साहेबांच्या नावाचं. ती वाढते, कमी होत नाही. आठशे वीस रेकॉर्ड रूममधून गेले. कपाटं सरकली, दार त्यांच्यामागे गेलं — वहिनी फोनवर — कपाट पोटाला टेकलंय म्हणते — रेष परत ओढली तर पॅसेज पुन्हा तीनशे ऐंशी. दोन्हीकडे तिचाच जीव.

बारा
साहेबांच्या मंजुरीशिवाय कुलूप निघत नाही. केबिनच्या मापावर ३६०० टाइप केलं, म्हणजे मूळचं. प्रिंट नेली. आकडा वाचून खूश झाले. शेवटी शिकलात म्हणाले. मंजुरी दिली. सोफ्यावर टेकले.

बाहेर या, असं मी सांगितलं नाही.

डाव्या हाताने लिहितेय, उजवा माउसवर. केबिन ४४२० — ४१०० — कपाटं मागे गेली — दार वाजलं — पॅसेजमध्ये पावलं, सरळ, सावकाश — ३६००.

इथे थांबायला हवं होतं.

वहिनी शेजारी उभी आहे. विचारते, कोण ओरडतंय गं? १९०० — तिला म्हटलं, तू खाली जा, गाडीत बस — १३०० — दार आतून उघडत नाही त्यांना, सोफा आडवा — बोट उचलायचं आहे, उचलत नाही — नाही, खोटं कशाला, उचलायचंच नाही — ७४० — ५२० — ३८० — आता —