ठिणगी कुठं जाते

१५ ऑक्टोबर १९६४, गुरुवार. दसरा.
लाँच बंद पडली. ऐन सणाच्या सकाळी, पलीकडच्या काठाला जाणारी अकरा माणसं फळ्यांवर बसलेली असताना. हँडल मारून मारून खांदा उतरला. इंजिन खोकतं, कार्बोरेटरमधून फाटकन उलटा बार काढतं, की गप्प. आमचे सुकाणूवाले निंगप्पाकाका चाकावर हात ठेवून बसून राहिले. पेट्रोल आहे, पाणी आहे. मग झालं काय?
काल खंडेनवमीला पूजेआधी झकास चाललं होतं. पूजा मीच केली. ठिणगी पाडणाऱ्या मॅग्नेटोचं टोपण उघडून, चार सिलिंडरांना ठिणगी वाटणाऱ्या आतल्या चारी पितळी ठिपक्यांना हळदकुंकू लावलं, नारळाच्या पाण्यात कालवून. यंत्राचा जीव तिथंच, तर पूजाही तिथंच, असं आपलं मत.
माणसं उतरून चालत गेली, तलावाला वळसा घालून. एक म्हातारी आपट्याचं पान हातात ठेवून म्हणाली, "सोनं घ्या मिस्त्री." शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

१६ ऑक्टो., शुक्रवार.
चारी प्लग काढले. ओले. म्हणजे पेट्रोल पोचतंय, जळत नाही. प्लग इंजिनाच्या अंगाला टेकवून हँडल मारलं. ठिणगी येते, पण मरतुकडी, आणि कधी येते कधी नाही. मॅग्नेटोचे पॉइंट घासले, पोस्टकार्डाच्या जाडीएवढी फट ठेवली. नं. १ सिलिंडरच्या भोकावर अंगठा धरून दाब बघितला, इंजिनाच्या जड चाकावरची खूण मॅग्नेटोच्या खुणेशी ताडली. जुळते. तारांचा क्रमही बरोबर. हे इंजिन बंदरावरून आलेलं, जुनं, आणि फिरतं उलटं, म्हणून तारांचा क्रमही उलटा. मोटारीच्या सवयीनं इथं आल्या आल्या एकदा तोंडावर पडलोय, म्हणून दोनदा बघितलं.
टोपण उघडं होतं तेव्हा काका वाकून म्हणाले, "मिस्त्री, ह्ये कुंकू अजून वलं हाय की. पुसू का?"
मी खेकसलो. "पूजेचं कुंकू पुसत्यात व्हय? कोजागिरीपतूर हात लावायचा न्हाय." आमच्या घरची रीत. आई असती तर हेच म्हणाली असती. काकांनी हात मागं घेतला. मी टोपण लावून टाकलं.
डोकं चालेना.

१७ ऑक्टो., शनिवार.
ओव्हरसीअर साहेब जीपनं आले. पौर्णिमेला पलीकडच्या गावांतली माणसं तुळजापूरला चालत निघतात, ती सगळी याच लाँचनं येणार. साहेब चारचौघांत म्हणाले, "तुमच्यानं होत नसेल तर सोलापूरहून माणूस बोलावतो."
ते फार लागलं. निजामाच्या काळापासून पाने हातात धरलेत मी. तोंडातून निघून गेलं, "टायमिंग हललंय साहेब." कुणी हलवलं? टायमिंग, म्हणजे ठिणगी पडायची वेळ, मागंपुढं करायची दांडी सुकाणूजवळ असते, काकांच्या हाताशी. मी तिकडं बघितलं. एवढंच. साहेबांनी पुढचं स्वतःच ओळखलं. "लिहून द्या."
दिलं. "सुकाणूवाल्याने दांडी ओढल्यामुळे टायमिंग बिघडले." खाली सही. खूण जुळते हे मला कालच माहीत होतं, तरी.
काकांना ताबडतोब घरी बसवलं. याच महिन्यात त्यांना कायम करायचं होतं. आता जिथं तलाव आहे तिथं नदीवर त्यांची सांगड चालायची, भोपळ्यांचा तराफा. तीस वर्षं माणसं उतरवली. धरण झालं, उतार बुडाला, त्याबदली हे काम मिळालं.
"म्या वढली न्हाय. मिस्त्री, तुमीच सांगा साहेबास्नी."
मी पाने पिशवीत भरत राहिलो.

१८ ऑक्टो., रविवार.
बायकोनं भाकरी वाढता वाढता विचारलं, "निंगप्पाकाकांनी काय केलं म्हणं?" अर्धी भाकरी टाकून उठलो.
दिवसभर एकटाच लाँचवर. हैदराबादेत ज्यांच्या हाताखाली शिकलो ते उस्ताद म्हणायचे, "ठिणगी मरत नसते बेटा, कुठंतरी दुसरीकडं जाते. कुठं जाते ते बघ." तारांवर पोतं पांघरून आत डोकं घातलं, एका हातानं हँडल मारत, अंधारात कुठं निळी ठिणगी पळताना दिसते का म्हणून. नाही. शेवटी टोपण काढून उन्हात धरलं.
कुंकू ओघळून टोपणाच्या अंगावर पसरलं होतं. त्या लाल ओघळात एक काळी रेघ, केसाएवढी. नं. १ पासून नं. ३ पर्यंत. जळालेली. एकची ठिणगी ओल्या कुंकवातून त्या वाटेनं तीनकडं पळत होती, म्हणून उलटे बार. टायमिंग जागच्या जागी. बिघडवलं होतं माझ्या बोटानं, आणि म्हाताऱ्यानं शुक्रवारीच पुसायला हात पुढं केला होता.
कोजागिरी दोन दिवसांवर. आईची मनातल्या मनात माफी मागितली. पेट्रोलच्या चिंधीनं पुसलं, रेघ ब्लेडनं खरवडली, टोपण वाळवलं. पहिल्या हँडलला चालू.
आनंद झाला. खोटं कशाला लिहू, आधी आनंदच झाला. मग काकांचं आठवलं आणि फळीवर बसून राहिलो.

१९ ऑक्टो., सोमवार.
साहेबांची चिठ्ठी. "शाबास. टायमिंग वेळेत दुरुस्त केलेत. निंगप्पाच्या जागी दुसरा माणूस बघतो. बुधवारी येतो."
दुसरा माणूस.
चार खेपा झाल्या. सुकाणू मीच धरतो, वाकडंतिकडं. दुपारच्या खेपेला पलीकडं उतरून काकांच्या घराकडं गेलो. दारात त्यांच्या वहाणा दिसल्या. आत कानडीत काहीतरी बोलणं चाललं होतं, मधे हसणंही ऐकू आलं. तसाच परत फिरलो. भित्रा आहे मी. इंजिनाला शंभर शिव्या घालतो, माणसासमोर तोंड उघडत नाही.
खरं सांगितलं तर काय होईल? नोकरी जाणार नाही बहुतेक. पण "कुंकवानं इंजिन बंद पाडलं" म्हणून पार मुरुम गावापर्यंत हसतील. एवढ्यासाठी गप्प बसलोय. लिहून बघितल्यावर फारच किरकोळ दिसतं.

२० ऑक्टो., मंगळवार. कोजागिरी.
पहाटेपासून गर्दी. डोक्यावर गाठोडी, अनवाणी पाय, आई राजा उदो उदो. तिसऱ्या खेपेला रांगेत काका. तुळजापूरला निघालेले. खाली मान घालून चढले आणि इंजिनाच्या पेटीशी बसले. सुकाणूकडं बघितलंसुद्धा नाही.
मध्यावर आलो. इंजिन एकसारखं चाललेलं. काका बराच वेळ कान देऊन ऐकत होते. मग हळूच, दुसऱ्या कुणाला ऐकू जाणार नाही असं म्हणाले,
"पुसलंत व्हय?"
"व्हय."
"बरं केलंत."
म्हणजे त्यांना पहिल्यापासून कळलं होतं. साहेबांसमोर बोलले असते तर माझी अब्रू तिथंच गेली असती. बोलले नाहीत. का, ते विचारायची हिंमत झाली नाही.
काठ आला. मी लाँच नीट लावू शकलो नाही, मागचा भाग वाहायला लागला. काकांनीच उडी मारली, दोर ओढून खुंट्याला बांधला, एकेका म्हातारीला हात देऊन उतरवलं. मग गाठोडं उचललं आणि चालू लागले.
साहेब उद्या येतील. कागद लिहायला घेतलाय. "टायमिंग बिघडले नव्हते" एवढं झालंय. पुढं "मी" लिहिलं, आणि तासभर तिथंच अडलोय.