न शिवलेली फडकी

आबा, काल एक ऑटोमॅटिक गिअरबॉक्स बांधून झाला. लातूरच्या आपल्याच गॅरेजात, तुमच्या त्याच पत्रा मारलेल्या टेबलावर. गाडी मुरुडच्या, रस्त्याची कामं घेणाऱ्या एका गुत्तेदाराची. त्यानं पुण्याहून इंजिनाचा जोर वाढवून आणला आणि मग माझ्याकडं आला. म्हणाला, "मावशी, पाय दाबला की नुसती बोंबलते, पळत न्हाई." मी म्हटलं, "इंजिनाला पैलवान केलंस बाबा, पण त्याला धरणारे हात जुनेच ठेवलेस." तो हसला. "मग हातबी पैलवान करा की!" तेच केलं. मधल्या लोखंडी चकत्या पातळ घेतल्या, त्यामुळं एकेक क्लच प्लेट जास्तीची मावली. तेलाचा दाब वाढावा म्हणून कडक स्प्रिंग घातली. नव्या प्लेटा लोणच्याच्या फोडीसारख्या आधी तेलात मुरू दिल्या. बांधताना नळीनं हवा सोडली की आतला पिस्टन थप् करून बसतो. तो आवाज तुम्हाला आवडला असता. सगळे भाग धुऊन हवेनंच वाळवले. एकालाही फडकं लावलं नाही.

आई गेल्यावर तिची सुती लुगडी तुम्ही कुणाला दिली नाहीत. "बाजारचं फडकं लोखंडाला ओरबाडतं," म्हणायचात, आणि गिअर पुसायला आईचंच लुगडं लागायचं. कापायचं काम माझं. कापल्यावर कडा दुमडून शिवायच्या, म्हणजे दोरा सुटत नाही, ही तुमची ताकीद. बिलोलीचे, जळकोटचे ड्रायव्हर गाडी घेऊन तुमच्याकडं यायचे आणि दांडीवर वाळत घातलेली फडकी बघून म्हणायचे, "आबाचं गॅरेज हाय का धोब्याचं घर?" तुम्ही म्हणायचात, "मालकीण अजून कामावर हाय माझी."

नांदेडच्या एका डॉक्टरांची परदेशी गाडी आली, तेव्हा तुम्ही पहिल्यांदा ऑटोमॅटिक उघडला. सकाळपासून हरखून गेलेले. "माय, ह्याच्या पोटात तेलाच्या लई बारीक वाटा हायत," मला बोलावून दाखवलंत. मी चौथीतून शाळा सोडलेली, तेलाच्या डब्यांवरची अक्षरं लावून तुम्हीच माझं वाचणं पक्कं केलं, आणि तोवर मला पुस्तकांचा नाद लागलेला. त्या दुपारी मी नवी फडकी नुसती फाडून दिली आणि मी वाचनालयातलं पुस्तक घेऊन मागं बसले. शेवटची पानं उरली होती. पुढून तुमची हाक आली. "कडा शिवल्या का गं माय?"

"हाव," मी म्हटलं. मान वर केली नाही.

गाडी नांदेडला गेली आणि आठवड्यात टोचन लावून परत आली. गिअरच पकडेना. डॉक्टर एक शब्द वाकडा बोलले नाहीत. दुसरा गिअरबॉक्स मागवून दुसरीकडं बसवून घेतला, जुना आपल्या कोपऱ्यात राहिला. तुम्ही दोन्ही हात पालथे करून बघितले आणि हाताखाली काम करणाऱ्या तुमच्या जावयाला, माझ्या नवऱ्याला म्हणालात, "पाव्हणं, हात गेले माझे. आता तुम्ही बघा." त्यानंतर तुम्ही बाहेर निंबाखाली खुर्ची टाकून बसायला लागलात. कुणी काही विचारलं तर, "जावयाला विचारा." मी चहा आणून द्यायची, तुम्ही कप घेताना स्वतःच्या बोटांकडं बघायचात. जाईपर्यंत तसेच बसलात.

मग तुमचे जावईही गेले आणि गॅरेज मी चालवायला घेतलं. घरात बसून त्यांचा रिकामा पाट बघण्यापेक्षा ते बरं होतं. ऑटोमॅटिकचं इंग्रजी पुस्तक मिळवलं, शेजारी शब्दकोश ठेवून ओळ ओळ लावत गेले. त्यात एके ठिकाणी होतं की आतले भाग सुती कापडानं पुसू नयेत, दोरे तेलाच्या वाटेत अडकतात. ते वाक्य मी परत लावून बघितलं. तोच अर्थ निघाला. मग उठून कोपऱ्यातला डॉक्टरांचा गिअरबॉक्स उघडला. बोटाच्या पेराएवढी एक झडप अर्ध्यात अडकलेली, आणि तिच्याभोवती दोरा. लाल तेलात इतकी वर्षं राहूनही हिरवा. त्या दुपारी फाडलेल्या आईच्या लुगड्याचा काठ हिरवा होता.

शिवलेल्या फडक्याचीही लव सुटते, असं पुस्तक म्हणतं. कधी कधी मी त्या वाक्याला धरून राहते. पण ती लव नव्हती, आबा. चांगला बोटभर दोरा होता, न शिवलेल्या कडेचा. तुमच्या हातांना काही झालं नव्हतं.

काल गुत्तेदाराला बसवून नांदेड रस्त्यावर गाडी काढली. पाय दाबला, गाडीनं गिअर कधी बदलले ते कळलंही नाही. गॅरेजात परत आल्यावर तो तुमच्या फोटोसमोर उभा राहिला. "मावशी, हे ह्यांनी शिकवलं का?"

"सगळं त्यांचंच."

"मग ह्यांनीबी ऑटोमॅटिक बांधला व्हता?"

तुमचे हात कसे होते, हे कुणीतरी विचारायची मी कितीतरी वर्षं वाट बघत होते. पण ते सांगायचं, तर फडक्यांचंही सांगावं लागलं असतं.

"हाव," मी म्हटलं. "एक बांधला होता. लई चालला."

त्यानं तुम्हाला हात जोडले. मी टेबलावरचे पाने-पकडी आवरत होते. हा कागद धाडायला ठिकाण नाही, तरी एवढं लिहिते, की कालही मी मान वर केली नाही.