तटाचं खिंडार

रविवार, ९ नोव्हेंबर

आज पुन्हा कॉम्प्युटरवरच्या खेळात आपल्या नगरचा भुईकोट मोगलांपासून वाचवायला बसलो. सुरुंगाने तटाला खिंडार पडलं की मी शूरपणे घोडदळ बाहेर काढतो आणि हरतो. बायको मेथी निवडता निवडता म्हणाली, "अहो, परत मेलात? आधी ते भगदाड बुजवा की! दार उघडं टाकून बाहेर कोण जातं?"

चिडून सगळे सैनिक दगड रचायला लावले. किल्ला तगला!

पण मग हसूच मावळलं. चारशे वर्षांपूर्वी इथल्या सुलतानेने खरं खिंडार रातोरात बुजवून घेतलं, समोर खऱ्या तोफा असताना. कशी उभी राहिली असेल? मी दर वेळी हरलो की डाव पुन्हा सुरू करतो. तिच्याकडे एकच होता.