टुणकीचा दम

उमरगा
बुधवार, १९ नोव्हेंबर २०२५

प्रिय महांतेश,

रविवार, १६ नोव्हेंबर, दुपारी चार वाजून दहा मिनिटं. माझ्याच घरात, माझ्याच खुर्चीत बसून, माझाच फोन हातात घेऊन तू टुणकीला सोडून दिलंस. वेळ नेमकी सांगता येते, कारण तेव्हाच मी चहा ठेवायला उठले होते आणि घड्याळ स्वयंपाकघराच्या दारावर आहे. मी परत आले तर तू म्हणालास, “आत्या, गोठा साफ केला. भंगार लई साठलं होतं.” तुला वाटलं मला कळणार नाही. मी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये आयुष्य काढलं आहे. कोणती लाइन कुणी तोडली ते मला पटकन कळतं.

हा फोनवरचा खेळ तूच माझ्या गळ्यात घातलास. निवृत्त झाल्यावर आत्या भिंतीशी बोलायला लागेल अशी तुला काळजी होती. रस्त्यावर दिसणारे ते चित्रातले प्राणी पकडायचे, नर-मादी गोठ्यात ठेवायचे, अंडं मिळालं की फोन घेऊन चालायचं. चालल्याशिवाय अंडं फुटत नाही. तू हैदराबादला दिवसभर खुर्चीत बसलेला, तेव्हा चालणार कोण? तर आत्या. एकच खातं दोघांच्या फोनवर घातलंस आणि म्हणालास, “जोड्या मी लावतो, तू फक्त चाल.” मला म्हणालास. माझा डावा पाय कसा आहे हे माहीत असून.

आणि मी चालले. घरापासून बसस्थानकापर्यंत, तिथून हायवेच्या कडेनं ट्रक दुरुस्तीच्या टपऱ्यांपर्यंत, परत कॉलेजच्या मैदानाला वळसा. जाड तळाचा तो बूट एका पावसाळ्यात झिजवला. शेजारच्या हरणाबाईंनी एकदा विचारलं, “बाई, रोज रोज कुणाला हुडकताव?” मी म्हटलं, अंडी उबवते आहे. त्यांनी ते गल्लीभर केलं. आता मला बघून पोरं कोंबडीसारखा आवाज काढतात. मला त्याचं काही नाही. मला चालायची चटक लागली होती आणि रात्री तुझा फोन यायचा: “काय निघालं आत्या?” मग मी एकेकाचे गुण वाचून दाखवायची. ताकद किती, वेग किती, दम किती. एखादा गुण पूर्ण भरला नसला की तू लगेच म्हणायचास, “सोड त्याला.” शेकड्यानं सोडले असतील. मी सोडले, कारण त्यांना मी नाव दिलं नव्हतं.

टुणकीला दिलं होतं. बसस्थानकाच्या मागं सापडलेली ती काटेमांजर, उडी मारायला गेली की एका बाजूला कलायची. वेग जवळजवळ शून्य. तू म्हणालास फेकून दे, आणि मग तूच तिचे आकडे नीट पाहिलेस आणि ओरडलास की हिचा दम पूर्ण भरलाय, असा दम मिळत नाही. तीन महिने तू तिला गोठ्यात ठेवून दर वेळी नवा नर लावलास. तुझा तो सरदार, ज्याचं चित्र तू मित्रांना पाठवलंस, तो तिच्याच अंड्यातला आहे. ते अंडं मी मैदानाला वळसे घालून उबवलं. तेव्हा तूच मला शिकवलंस की पिल्लाच्या पानावर दिसतं, कोणता गुण आईकडून आला आणि कोणता बापाकडून. सरदारच्या दमापुढं स्पष्ट लिहिलेलं आहे: आईकडून.

हे सगळं मी का उगाळते आहे असं तुला वाटत असेल. एका खेळातल्या मांजरासाठी आत्या पत्र लिहिते, म्हणजे म्हातारी बिथरली. थांब. त्या चार वाजून दहा मिनिटांनी खोलीत आणखी काय चाललं होतं ते आठव.

आरोही पलंगाच्या कडेला बसली होती. तुझी बायको, पाचवा महिना, प्रवासानं पाय सुजलेले. आदल्या आठवड्यात हैदराबादला सोनोग्राफी झाली आणि बाळाचा डावा पाय आत वळलेला दिसला. बाकी सगळं ठीक. डॉक्टरांनी सांगितलं ते तिनंच मला सांगितलं: जन्मल्यावर काही आठवडे प्लास्टर, एक छोटी शस्त्रक्रिया, मग रात्री घालायचे बूट. मूल चालेल, पळेल. डॉक्टरांनी एवढंच विचारलं होतं की घरात आणखी कुणाला असं होतं का. ते विचारायलाच तुम्ही सगळे माझ्याकडं आला होता, असं ती बिचारी समजत होती.

आणि तुझी आई माझ्यासमोर, माझ्या पायाकडं बघत म्हणाली, “आमच्या घराण्यात असलं काही नाही. वन्संना तर पोलिओ झालता. तुमच्या माहेरी, मुरुमकडंच कुणाला असंल, नीट इचार.” मग म्हणाली, “अजून वेळ हाय मोकळं व्हायला. पुढचं नीट होईल.” आरोहीनं माझ्याकडं पाहिलं नाही, तुझ्याकडं पाहिलं. मीही तुझ्याकडंच पाहिलं. तू मान खाली घालून माझ्या फोनवर बटणं दाबत होतास. मी चहाला उठले ते तुला बोलायला जागा मिळावी म्हणून. आले तेव्हा गोठा साफ झाला होता आणि आरोही पिशवी भरत होती. संध्याकाळी तू तिला मुरुमला तिच्या वडलांच्या दारात उतरवलंस, आईला घेतलंस आणि हैदराबाद गाठलंस.

मला पोलिओ कधीच झाला नाही, महांतेश. हे तुला माहीत आहे. तू सात वर्षांचा असताना सुट्टीत इथं यायचास आणि माझ्या बुटाची नाडी बांधायचा तुझा हट्ट असायचा. एकदा विचारलंस, “आत्या, तुझा पाय असा का?” मी सांगितलं, आईच्या पोटातूनच असा आला. तू म्हणालास, “म्हणजे देवानं घाईत उलटा लावला.” इतकं हसले होते मी. दुसऱ्या कुणी ते म्हटलं असतं तर मी त्याला उभा चिरला असता. पोलिओ तुझ्या आजोबांनी, अप्पांनी काढला, तुझ्या बाबांच्या सोयरिकीच्या वेळी. पोलिओ रक्तात उतरत नाही ना, म्हणून. त्याआधीच मला सोलापूरला सिस्टरांच्या वसतिगृहात पाठवलं होतं. शिक्षणासाठी, असं म्हणायचे. पाहुणे आले की मी दिसू नये यासाठी, हे मला नववीत कळलं. त्या काळी असा पाय बाळपणीच प्लास्टरमध्ये घालायचा असतो हे इथं कुणाला ठाऊक नव्हतं. हाडवैद्यानं ओढला तेवढाच. तरीही या पायानं मी नोकरी केली, हे घर बांधलं आणि तुझी अंडी उबवली. तुझ्या लग्नात आरोहीच्या वडलांनी माझ्या पायाचं हात जोडून विचारलं, तेव्हा तुझ्या आईनं तोच पोलिओ पुढं केला. तूही तिथं होतास.

काल रात्री आरोहीचा फोन आला. ती जेवत नाही, तिची आई सांगत होती. मग आरोही म्हणाली, “आत्या, मी बाबांना, काकांना, मावशीला, सगळ्यांना विचारलं. आमच्याकडं कुणालाच नाही. मग माझ्यातच काही खोट आहे का?” लाइन चालू होती. मी तिला तेव्हाच सांगू शकले असते. शब्द जिभेवर आले होते. पण माझ्याकडून कळलं तर तिला पाय कुठून आला एवढंच कळेल, नवरा कुठं उभा आहे ते कळणार नाही. म्हणून हे पत्र. बाळाचं काय करायचं ते तुम्ही दोघं ठरवा, आणि तिच्या मनाविरुद्ध काही ठरवू नका. त्यात मी पडणार नाही. पण तिनं जे ठरवायचं ते खरं ऐकून ठरवावं. अंड्यातल्या मांजराचा दम आईचा की बापाचा हे तोंडपाठ सांगणारा माणूस बायकोसमोर मुका होतो, हे मला चालणार नाही. आमच्या सिस्टर ॲग्नेस खोटं बोललेल्या मुलीला खरं काय ते कागदावर लिहून, ज्याला फसवलं त्याच्या हातात द्यायला लावायच्या. तू तेच करायचं आहेस. आत्याचा पाय जन्मापासून असा आहे, तो आमच्या घरातून आला आहे, आणि हे मला माहीत होतं: ही तीन वाक्यं, तुझ्या अक्षरात, आरोहीच्या नावानं. एक प्रत तिला, एक तुझ्या आईला, आणि दिल्याचं उत्तर मला. हे पत्र आज रात्रीच्या ट्रॅव्हल्सनं पाठवते आहे, तुझं उत्तरही ड्रायव्हरच्या हातीच दे. फोन करू नकोस, फोनवर तू गप्प बसतोस. रविवारपासून मी एकही फेरी मारलेली नाही, तुझी अंडी तशीच पडून आहेत. शनिवारी, २२ नोव्हेंबरला, संध्याकाळी सहापर्यंत लेखी उत्तर माझ्या हातात नसेल, तर मी बूट घालून मुरुमची एसटी धरीन, आरोहीच्या समोर बसून तो काढीन, आणि पाय तिच्या मांडीवर ठेवीन. मग तू तिथं का नाहीस, हे मलाच तिला सांगावं लागेल.

तुझीच,
शिवकांता आत्या