रजेच्या काळातला पत्ता

सोमवार, ३ फेब्रुवारी. सकाळी ७.

आजपासून रजा. सहा आठवडे, सलग. शाळा काढल्याला बावीस वर्षं झाली, या बावीस वर्षांत एक दिवस घरी बसलेलो नाही. पण गेल्या महिन्यात परिपाठात भाषण करताना मला चक्कर आली. (मुलांना येते ती वेगळी. ती आठवड्यातून एक-दोघांना येतेच, त्यांना सवय आहे.) डॉक्टर म्हणाले, बीपी फार वाढलंय, सहा आठवडे शाळेचं तोंड बघायचं नाही. म्हटलं, नाही बघणार. शब्दाला पक्का माणूस आहे मी.

डोंगरावर एक छोटं घर घेतलंय भाड्याने. मी आणि ही. शनिवारी स्टाफने निरोप समारंभ केला. आमच्या उपमुख्याध्यापिका, म्हणजे उपबाई, सतत हसत होत्या. आतून किती रडू येत असेल, मला कळत होतं. त्यांच्या हातात माझी ८४ पानी सूचनापुस्तिका ठेवली. पान १ : घाबरू नका.

संकल्प. शाळेला फोन नाही. रोज सात किलोमीटर चालणे. शिक्षणावर ग्रंथ. (पहिला खंड.)

तोच दिवस, दुपारी.

गेलो नाही.

टॅक्सी दारात उभी होती आणि एकदम आठवलं, घटक चाचणीचं वेळापत्रक पक्कं व्हायचंय. हिला म्हटलं, तू हो पुढे, मी चार दिवसांत येतो. ती म्हणाली, अहो, येणार नसाल तर तसं सांगा, चार दिवस म्हणू नका. म्हटलं, चार म्हणजे चार. तिने थोरल्या बहिणीला फोन लावला, येतेस का माझ्याबरोबर. मेहुणी दहा मिनिटांत बॅग घेऊन हजर! इतक्या झटपट कशी भरली कोण जाणे. हुशार आहे बाई.

आता एकच अडचण. सगळ्यांच्या लेखी मी डोंगरावर आहे, आणि आमचं घर शाळेच्या बरोबर समोर. मधे फक्त रस्ता. बाहेर पडलो की संपलं. तेव्हा वरच्या खोलीत बसून काम उरकायचं. पडद्याला दोन बोटं फट ठेवली आहे. याला शाळेचं तोंड बघणं म्हणता येणार नाही. इथून शाळेची कड दिसते.

मंगळवार, ४ फेब्रुवारी. सकाळी १०.

परिपाठ नऊ मिनिटांत संपला. नऊ! माझा पंचेचाळीस मिनिटं चालायचा. मुलं हसत हसत वर्गात गेली. एकालाही चक्कर आली नाही. योगायोग.

शाळा कोसळायला सुरुवात झाली आहे. तटस्थपणे नोंद करतोय.

गुरुवार, ६ फेब्रुवारी.

वेळापत्रक झालं नाही. पाहण्यातच दिवस जातो.

आज ऑफिसचं दार दिवसभर उघडं होतं. वाऱ्याने आपटू नये म्हणून खाली काहीतरी जाडजूड अडकवलं होतं. चष्मा पुसून पाहिलं. सूचनापुस्तिका. म्हणजे सतत हाताशी ठेवली आहे. बरं वाटलं.

उपबाईंना मेसेज केला (फोन नाही, संकल्प फोनचा होता) : इथे कडाक्याची थंडी आहे, हवा उत्तम, रोज सात किलोमीटर चालतो. त्यांचं उत्तर : स्वेटर घाला सर. इथे मी बनियनवर पंख्याखाली. मग म्हणाल्या, डोंगराचा एक फोटो पाठवा, मुलांना दाखवू. घरातल्या कॅलेंडरवरच्या डोंगराचा फोटो काढून पाठवला. पाठवल्यावर दिसलं, कोपऱ्यात खिळा आलाय. कोण एवढं बारीक बघतंय.

हिचा फोन आला होता. उद्या निघताय ना. म्हटलं, सोमवारी.

सोमवार, १० फेब्रुवारी.

गॅस शनिवारी संपला. सिलिंडर मागवला तर माणूस दारात येऊन बेल मारणार, हाका मारणार. त्यामुळे बिस्किटं. कालपासून तीही दुधाशिवाय.

सकाळी अकराला दार उघडल्याचा आवाज आला. चोर! मी छत्री घेऊन जिन्यात उभा राहिलो. चोर नव्हता, आमच्या कामाच्या बाई होत्या. झाडांना पाणी घालायला हिने किल्ली दिली होती म्हणे. मला सांगितलं नव्हतं. बाईंनी किंचाळून हातातला तांब्या सोडला, जिना ओला, मी तीन पायऱ्या बसून उतरलो. कंबर लचकली.

त्यांना विश्वासात घेतलं. म्हटलं, बाई, कुणाला म्हणून कळता कामा नये. त्या म्हणाल्या, छे, कुणाला कशाला सांगू. त्यांची सख्खी जाऊ आमच्या शाळेत मावशी आहे, पण बाईंचं तोंड बंद. माणसं ओळखण्यात मी सहसा चुकत नाही.

हिला कळवलं : कंबरेमुळे प्रवास पुढे. ती म्हणाली, बरं. एवढंच. माझ्या कंबरेबद्दल एक प्रश्न नाही.

बुधवार, १२ फेब्रुवारी. दुपारी.

काल आणि आज कामाच्या बाईंनी डबा आणला. गरम जेवण, चार खणांचा स्टीलचा डबा. म्हटलं, कशाला त्रास. म्हणाल्या, घरी जरा जास्त झालं होतं. दोन्ही दिवस जास्त झालं. हिशेब कच्चा आहे बिचारीचा.

शाळा. पहिलीचा वर्ग झाडाखाली भरला होता. वर्गखोली असताना! पीटीचे सर मुलांबरोबर स्वतः पळत होते. गणिताच्या बाई फरशीवर बसून काहीतरी मांडत होत्या आणि मुलं त्यांच्या खांद्यावरून वाकून बघत होती. मला हे थांबवता येत नाही. काच आहे, पडदा आहे, रस्ता आहे, आणि मी डोंगरावर आहे.

एक गोष्ट लिहून ठेवतो, इथे कोण वाचतंय. मधल्या सुट्टीचा गलका सुरू झाला की मला बरं वाटतं. पूर्वी मी घंटा वाजवून तो बंद करायचो.

शुक्रवार, १४ फेब्रुवारी.

ग्रंथाचं पहिलं वाक्य लिहिलं. खोडलं.

उपबाईंना मेसेज : काही अडचण असल्यास निःसंकोच विचारा. उत्तर : काहीच नाही सर, निश्चिंत राहा. एक तासाने पुन्हा केला : छोटीशी असली तरी. उत्तर म्हणून हसरा चेहरा.

अकरा दिवस. एकसुद्धा अडचण नाही. माझ्यापासून लपवतायत.

मंगळवार, १८ फेब्रुवारी. दुपारी १.

क्रमाने लिहितो.

साडेदहाला पाहिलं, पहिलीतली दोन वेण्यांची मुलगी फाटकाबाहेर. एकटी. रस्त्याच्या कडेला, पाऊल पुढे टाकायच्या बेतात. आणि डावीकडून रिक्षा. मी ओरडलो, पण खिडकी बंद. उघडेना. मग काय केलं ते आठवत नाही. जिना, दार, रस्ता. बनियन, अर्धी चड्डी, एका पायात चप्पल. रिक्षाने करकचून ब्रेक मारला आणि रिक्षावाला जे बोलला ते इथे लिहीत नाही. मी पलीकडे पोचलो आणि पोरीचा हात घट्ट धरला.

ती माझ्याकडे वर बघून म्हणाली, सर, तुम्ही आधी उजवीकडे बघितलंच नाही.

तेव्हा दिसलं. फाटकाच्या भिंतीला लागून अख्खी पहिली ओळीने उभी. एका टोकाला पीटीचे सर, हातात लाल पाटी. दुसऱ्या टोकाला वर्गाच्या बाई, त्यांच्याही हातात पाटी. माझ्या खिडकीतून तेवढा भाग दिसत नाही. रस्ता कसा ओलांडावा, याचं प्रात्यक्षिक चालू होतं. एकेक मूल, आळीपाळीने. रिक्षासुद्धा पाटी बघून आधीच हळू झाली होती, मी पुढे उडी मारेपर्यंत.

वर्गाच्या बाईंनी प्रसंगावधान राखलं. मुलांना विचारलं, सांगा बरं, सरांच्या काय काय चुका झाल्या? बावीस हात वर. सहा चुका निघाल्या. चपलेची धरून सात.

मग एका मुलाने विचारलं, सर, आज डोंगरावरून आलात का? दुसरा त्याला म्हणाला, गप रे, खिडकीतून आले. दोन वेण्या म्हणाली, आम्ही रोज तुम्हाला गुड मॉर्निंग करतो, पण हळू. मोठ्याने करायचं नाही असं बाईंनी सांगितलंय. सरांना आराम हवाय.

उपबाई आल्या. आपली शाल माझ्या खांद्यावर टाकली, घरापर्यंत सोडायला आल्या. आधी उजवीकडे बघितलं, मग डावीकडे, मग माझा हात धरून ओलांडलं. वर येऊन पाणी दिलं. मी विचारलं, कधीपासून माहीत होतं? म्हणाल्या, पहिल्या दिवसापासून सर, पंखा फिरताना दिसत होता. आणि डबा? म्हणाल्या, स्टाफने वार वाटून घेतलेत. उद्या गणिताच्या बाईंचा. कमी तिखट करायला सांगितलंय, बीपीमुळे.

म्हटलं, मग मला बोलवलं का नाही? त्या खुर्ची ओढून समोर बसल्या. म्हणाल्या, सर, मागच्या महिन्यात तुम्ही परिपाठात कोसळलात, तेव्हा तुमचं डोकं माझ्या मांडीवर होतं. मला वाटलं होतं, संपलं. तुम्ही खिडकीत का होईना, बसलेले दिसता, मला तेवढं पुरे आहे.

मी उठून त्यांनाही पाणी आणून दिलं. बावीस वर्षांत पहिल्यांदा.

तोच दिवस, संध्याकाळी ५.

हिला फोन केला. सगळं सांगितलं, चड्डीसकट. वाटलं चिडेल. हसलीसुद्धा नाही. म्हणाली, मला माहीत होतं. चार दिवस मी स्टँडवर जात होते रोज, दुपारच्या बसला. पाचव्या दिवशी नाही गेले.

म्हटलं, उद्याच निघतो. पहाटेची बस. आता खरंच.

ती म्हणाली, अहो, आता नका येऊ. रागाने नाही सांगत. मी आणि ताई सकाळी चालतो, दुपारी झोपतो, कुणी तासाची घंटा वाजवत नाही. मी बरी आहे इथे. ठरलंय तशी सहा आठवड्यांनी येते. तुम्ही डबा वेळेवर खा.

मग विचारलं, कंबर कशी आहे.

म्हटलं, बरी आहे.

बुधवार, १९ फेब्रुवारी.

दिवसभर काही लिहावंसं वाटलं नाही. पडदा उघडाच ठेवला. मुलांनी हात हलवला. मीही हलवला. डबा सपक होता. सगळा संपवला.

निर्णय. हे असं लपून, घाबरून जगणं मला शोभत नाही. उद्या रजा रद्द. आठ वाजता पूर्ण गणवेशात (म्हणजे कोट) हजर होणार आणि सूत्रं हाती घेणार. शाळेला माझी गरज आहे, फक्त संकोचाने बोलत नाहीत.

गुरुवार, २० फेब्रुवारी. सकाळी ९.

आठला फाटकाशी पोचलो. रस्ता नियमाने ओलांडला. वॉचमनने कडक सलाम ठोकला आणि पाहुण्यांची नोंदवही पुढे केली. म्हटलं, अरे, मी! तो म्हणाला, होय सर, पण तुम्ही रजेवर, आणि रजेवरच्या माणसाने सही करूनच आत जायचं, तुमचाच नियम आहे. नियम चांगला आहे. बदलता येत नाही.

नाव लिहिलं. वेळ लिहिली. 'येण्याचं कारण' या रकान्यात 'मुख्याध्यापक' असं लिहिलं.

त्याने वाकून वाचलं. फार अदबीने म्हणाला, सर, हे कारण नाही झालं.

मी बराच वेळ पेन धरून उभा होतो. मागे दोन पालक थांबले होते. आत परिपाठ सुरू झाला, संपला.

शेवटी ते खोडून लिहिलं : सहज.